मालकाला कसं विचारलंस?

तुळजापूर तालुक्यातल्या एका गावी शिवारभेट होती. दुसऱ्या गावच्या पंधरा-वीस बाया टमटममधून आल्या होत्या. जिचं शेत, तिने अर्ध्या एकरात मेथी, शेपू, चुका, गवार, मधल्या ओळींत तूर असं सगळं लावलेलं. ती फार बोलली नाही. गांडूळ खताच्या बेडात हात घातला, मूठभर खत एकीच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, “वास घे. येतोय का घाण?” खत हातोहात फिरलं. पुरुषमंडळी विहिरीकडे गेली तशी एक पाहुणी खालच्या आवाजात म्हणाली, “समदं कळलं. पण मालकाला कसं इचारलंस?”

ज्याला आपण असा प्रश्न विचारू शकतो, तोच माणूस दुसऱ्याला हलवतो, असं मला वाटतं. व्यासपीठावरच्या मोठ्या माणसासाठी आपण टाळ्या वाजवतो आणि ‘त्यांची गोष्टच वेगळी’ म्हणत घरी येतो. शेजारच्या गावची, तशीच कोरडवाहू जमीन आणि तसंच सासर असलेली बाई समोर उभी राहिली की ही पळवाट बंद होते. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये हेच मांडलं होतं: आपल्यासारख्या माणसाला जमलेलं पाहिलं की आपल्यालाही जमेल हा विश्वास वाढतो.

आमच्या धाराशिवात याची सुरुवात एका काळरात्रीतून झाली. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूरबरोबरच आपल्या उमरगा-लोहारा भागातली गावंही जमीनदोस्त केली. पुनर्वसनाच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायांना पुढे केलं. ‘संवाद सहायक’ म्हणून त्या घरोघर जायच्या, दुरुस्तीची मदत कशी मिळते, भिंत मजबूत कशी करायची ते सांगायच्या. जिचं स्वतःचं घर हललेलं, तीच दुसरीला घर बांधायचं सांगत होती. पुढे 2001 मध्ये कच्छ हादरला, तेव्हा इथल्या बाया तिकडच्या बायांना भेटायला गेल्या. भाषा वेगळी होती, पण पडलेल्या घरापुढे बसून राहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे याच वाटेने पुढे आल्या. ऐन तरुणपणी नवरा गेला, पदरात दोन लहान मुलं. घराबाहेर पाऊल टाकणंही नकोसं झालेली ही बाई बचत गटात आली आणि पुढे दुष्काळाच्या वर्षांत बायांना एकच गोष्ट सांगत गावोगाव फिरली: घरच्यांकडून एक एकर, नाहीतर अर्धा एकर मागा आणि त्यात आधी खायचं पिकवा. मला या मागणीचं माप फार शहाणपणाचं वाटतं. अख्खं रान मागितलं असतं तर घरात भांडण झालं असतं. बांधाकडच्या अर्ध्या एकराला नवरा, कुरकुरत का होईना, हो म्हणतो. सोयाबीन गेलं तरी त्या तुकड्यातून भाजी आणि डाळ घरात येते, मग पुढच्या हंगामाचं बोलणं आपोआप सोपं होतं. ‘शेती बदला’ असं भाषण ठोकणाऱ्याला हे अर्ध्या एकराचं गणित सुचत नाही, कारण त्याला त्या घरात रात्री जेवायला बसायचं नसतं. 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ला याच कामासाठी मिळाला.

हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी बांगड्या विकण्यापासून सुरुवात केली. मग शेळ्या, कोंबड्या, सौरदिवे असा पसारा वाढवला आणि इतर बायांनाही त्यात ओढलं. 8 मार्च 2022 रोजी त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. मला मनापासून आनंद झाला.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. पाहून आलेल्या बाईला बियाणं, चार पैशांचं कर्ज आणि बाजार मिळाला नाही, तर तिची उमेद महिनाभरात विझते. आणि कसणारीचं नाव आजही बहुतेक सातबाऱ्यांवर नसतं. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांच्या हातातला खराटा पाहिलेल्याला दुसऱ्या दिवशी खराटा घ्यायला अडचण नव्हती. जमीन मात्र खराट्यासारखी कुणालाही उचलता येत नाही. तिथे नुसती प्रेरणा अपुरी पडते, कायद्याने आणि घरानेही साथ द्यावी लागते.

पुरस्कारानंतर अशा बायांना शाळा-कॉलेजं सत्काराला बोलावतात. शाल, नारळ, पाच मिनिटांचं मनोगत. त्यापेक्षा पोरींनाच एसटीत बसवून त्यांच्या वावरात न्यावं. गुरुजींनी जरा लांब विहिरीपाशी थांबावं आणि पोरींना विचारू द्यावं: कोंबड्या मेल्या तेव्हा काय केलं? बाजारात पहिल्यांदा पाटी घेऊन बसताना तोंड झाकलं होतं का? त्या पाहुणीला मिळालेलं उत्तर अजून माझ्या कानात आहे. “जेवायला बसल्यावर नाही इचारलं. सकाळी, बैलं सोडताना इचारलं. पडीक तुकडाच मागितला.” पाहुणीने मान हलवली आणि गवारीचं मूठभर बी पदरात बांधलं.