हिरवा चष्मा आणि मुलांचे वाचन

चौथी-पाचवीच्या मुलांना भाषा शिकवताना जादूची गोष्ट निवडावी काय? शिक्षकांना आणि पालकांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. धर्मशिक्षण वर्गात आपण मुलांना जादूटोण्यापासून दूर राहायला सांगतो. मग वाचनाच्या तासाला चेटकिणी आणि जादूगार त्यांच्या हाती द्यायचे, हे परस्परविरोधी नाही का? प्रश्न रास्त आहे. एका प्रसिद्ध बालकथेच्या आधारे आपण त्याचा विचार करू या.

अमेरिकन लेखक एल. फ्रँक बॉम यांचे 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ' हे पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले. १९३९ साली त्यावर निघालेला चित्रपट जगभर गाजला. कॅन्सस प्रांतातील डोरोथी नावाची मुलगी वादळात सापडून ओझ नावाच्या अद्भुत देशात जाऊन पडते. तिला घरी परतायचे आहे. वाटेत तिला तिघे सोबती भेटतात. बुजगावण्याला मेंदू हवा आहे, पत्र्याच्या लाकूडतोड्याला हृदय हवे आहे आणि भित्र्या सिंहाला धैर्य हवे आहे. हे सर्व देऊ शकेल असा एक महान जादूगार पाचूनगरीत राहतो, असे त्यांना कळते आणि ते त्याच्याकडे निघतात.

नगरीच्या वेशीवर द्वारपाल प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवतो आणि त्याला कुलूप लावतो. आत सारे काही हिरवेगार, पाचूंनी मढवलेले दिसते. जादूगार कोणाला प्रचंड मस्तकाच्या रूपात, कोणाला सुंदर स्त्रीच्या, कोणाला भयंकर श्वापदाच्या, तर कोणाला अग्निगोलाच्या रूपात दर्शन देतो. पुढे एके दिवशी डोरोथीचा कुत्रा टोटो याच्या धक्क्याने आडोशाचा पडदा कोसळतो. मागे उभा असतो एक टकला, सुरकुतलेला म्हातारा! तो सर्कशीतला बलूनवाला होता. ते मस्तक कागदाचे होते. नगरीही इतर नगरांपेक्षा काही हिरवी नव्हती. हिरवा होता तो चष्मा.

भाषा शिकवणाऱ्याला याहून चांगली गोष्ट शोधून सापडणार नाही. आपल्या मराठीत या एका विषयासाठी किती शब्द आहेत पाहा: जादू, हातचलाखी, नजरबंदी, भोंदूगिरी, जादूटोणा, चमत्कार. फळ्यावर हे सहा शब्द लिहून मुलांना विचारावे, हिरव्या चष्म्याला यांपैकी कोणता शब्द लागू पडेल? डोरोथीला घरी पोहोचवणाऱ्या रुपेरी बुटांना कोणता? प्रभूने काना गावी पाण्याचा द्राक्षारस केला, त्याला आपण यांतला कोणता शब्द वापरतो आणि का? हे शब्द मुलाने एकदा नीट वेगळे केले की पुढे आयुष्यात कोणी भोंदूगिरीला चमत्काराचे नाव दिले, तर त्याला ते खटकेल.

दुसरा धडा पुराव्याचा. लाकूडतोड्या म्हणतो, मला हृदय नाही. पण चालता चालता पायाखाली एक किडा चिरडला म्हणून तो इतका रडतो की आसवांनी त्याचा जबडा गंजून जातो. बुजगावणे म्हणते, मला मेंदू नाही. परंतु खोल दरी आडवी येते, तेव्हा झाड तोडून पूल करण्याची युक्ती त्यालाच सुचते. पात्र स्वतःविषयी काय बोलते आणि प्रत्यक्षात काय करते, यांतील फरक पुस्तकातील ओळीवर बोट ठेवून दाखवायला मुलांना सांगावे. याला आम्ही वाचन म्हणतो.

तरीही आक्षेप उरतोच. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील हॉकिन्स परगण्यात १९८३ साली काही ख्रिस्ती पालकांनी शाळेच्या वाचनमालेला हरकत घेतली. तिच्यातील जादू, चेटूक अशा गोष्टी आपल्या श्रद्धेविरुद्ध आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना खटकलेल्या मजकुरात ओझची कथाही होती. प्रकरण न्यायालयात गेले. १९८६ साली निकाल पालकांच्या बाजूने लागला आणि १९८७ साली वरच्या न्यायालयाने तो फिरवला. या पालकांना हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही. मुलांचे पहिले शिक्षक आईवडील असतात, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली आवर्जून सांगितले आहे. आपले मूल काय वाचते याची काळजी वाहणारे पालक निष्काळजी पालकांपेक्षा केव्हाही बरे.

मात्र त्यांच्या भूमिकेत एक गल्लत आहे, असे आम्हांला वाटते. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ गूढ शक्ती वश करून इतरांवर सत्ता गाजवण्याच्या प्रकारांचा निषेध करतो. गोष्ट सांगणे हा निराळा व्यवहार आहे. खोटे बोलणे कोणत्याही कारणाने क्षम्य नाही, असे मानणारे संत ऑगस्टीनसुद्धा इसापच्या बोलणाऱ्या प्राण्यांना खोटेपणा म्हणायला तयार नव्हते. शास्ते या ग्रंथात झाडे आपला राजा निवडायला निघतात, याची आठवण त्यांनी त्याच संदर्भात करून दिली आहे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. तसा गरीब माणूस नव्हता आणि तशी मेंढीही नव्हती. पण त्या गोष्टीने राजाचे डोळे उघडले. लबाड माणूस आपल्या डोळ्यांवर चष्मा चढवतो आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवतो. कथाकार मात्र 'ही गोष्ट आहे' हे ऐकणाऱ्याला आधीच कळू देतो. चावी ऐकणाऱ्याच्या हातात असते.

आता खरा अवघड प्रश्न. पडदा पडल्यावर जादूगार कबूल करतो की आपण भोंदू आहोत. बुजगावण्याला तो समजावतो की तुला मेंदूची गरज नाही. पण तिघे हट्ट सोडत नाहीत. तेव्हा तो बुजगावण्याच्या डोक्यात कोंडा आणि टाचण्या भरतो, लाकूडतोड्याच्या छातीत भुशाने भरलेले रेशमी हृदय बसवतो आणि सिंहाला बाटलीतले कसलेसे पेय पाजतो. तिघेही आनंदी होतात. मग ही फसवणूक वाईट म्हणायची का? वर्गात हा प्रश्न टाकला की मुले दोन बाजूंना विभागली जातील. शिक्षकांनी घाईने निकाल देऊ नये. एवढे मात्र विचारावे, यापूर्वी याच माणसाने आपले बिंग फुटू नये म्हणून काय केले होते? एका लहान मुलीला त्याने दुष्ट चेटकिणीला मारायला पाठवले होते! स्वतःची खुर्ची राखण्यासाठी एका लेकराचा जीव त्याने धोक्यात घातला. माणूस मनाने वाईट नव्हता. पण एकदा पडद्यामागे राहायचे ठरवल्यावर पडदा राखण्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली. आमच्या मते या कथेचे नैतिक मर्म इथे आहे. सद्‌हेतूने केलेली फसवणूकही फार काळ निरुपद्रवी राहत नाही.

आणि इथेच ही गोष्ट आपल्या अंगणात येते. आपण मोठी माणसे मुलांच्या शिक्षणात असा पडदा राखत नाही ना? फळ्यावरची उत्तरे वहीत सुंदर अक्षरात उतरलेली असतात, गाइडमधला निबंध तोंडपाठ असतो, प्रगतिपुस्तक हिरवेगार दिसते. आईबाप खूश, शाळा खूश. परंतु त्याच मुलासमोर न पाहिलेला उतारा ठेवला, तर? २०२२ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या १०० मुलांपैकी सुमारे ४३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. बाकीची मुलेही शाळेत जातच होती. त्यांच्या छातीत आपण भुसा भरला आणि त्याला हृदय म्हटले. कीव येऊन दिलेले गुण, न वाचता मारलेली 'छान'ची सही, हा सारा हिरवा चष्माच. त्याची किंमत शिक्षक वा पालक मोजत नाहीत. मूल मोजते.

संत जॉन बॉस्को जादूचे प्रयोग करीत, हे आपल्याला ठाऊक आहे. कीएरी येथे शिकत असताना त्यांच्या हातचलाखीमुळे काहींना ते चेटूक करतात असा संशय आला आणि प्रकरण तेथील वरिष्ठ धर्मगुरूंपर्यंत गेले. चौकशी चालू असतानाच त्या तरुणाने धर्मगुरूंना किती वाजले ते विचारले. पाहतात तो घड्याळ गायब! पैशांची थैलीही गायब! मग जॉनने सारी युक्ती उलगडून दाखवली आणि धर्मगुरू मनमुराद हसले. प्रयोग करणाऱ्याने स्वतःच पडदा बाजूला केला. पुढे त्यांनी तुरिनच्या गरीब, कामकरी मुलांसाठी रविवारच्या आणि रात्रीच्या वर्गांत अक्षरओळख सुरू केली. त्या मुलांना टाळ्या वाजवायला लावणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी त्यांना वाचायला शिकवले.

तेव्हा पालकहो, जादूची गोष्ट घरात आली तर घाबरू नका. मुलाला जवळ घेऊन त्याच्याबरोबर ती वाचा. तीन प्रश्न विचारा: यात खरे काय, भासलेले काय? तुला कशावरून कळले? भास कोणी निर्माण केला आणि कोणाच्या फायद्यासाठी? मूल अडखळले तर अडखळू द्या. उत्तर सांगून टाकू नका. अडखळत का होईना, पण स्वतः वाचलेले एक पान हे पाठ केलेल्या दहा पानांपेक्षा मोलाचे आहे. ज्याला वाचता येते, त्याच्या चष्म्याची चावी त्याच्याच हाती असते.