न वाजलेला बीप

"पंखे फिरताहेत, लाइट लागतेय, पण डिस्प्ले येत नाही." घरी जोडलेला संगणक जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या एखाद्या दुकानात दुरुस्तीला येतो, तेव्हा तक्रार बहुधा याच शब्दांत असते. प्रोसेसर एकीकडून, मदरबोर्ड दुसरीकडून, रॅम आणि एसएमपीएस ऑनलाइन मागवून पोराने रात्रभर जागून यंत्र उभे केलेले असते. "काय झालं भो?" या प्रश्नाला तो जे उत्तर देतो, त्यात घडलेल्या गोष्टी कमी आणि न घडलेल्या जास्त असतात. चित्र नाही. बीप नाही. कीबोर्डचा दिवा नाही.

'नाही' हे कशाने कळते, यावर भारतीय दर्शनांत शेकडो वर्षे वाद झाला. सातव्या शतकाच्या सुमाराचा मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतो की अभाव डोळ्यांना दिसत नाही, अनुमानानेही कळत नाही. त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे वेगळे, सहावे प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानले पाहिजे. नैयायिक म्हणतात, प्रमाण वेगळे कशाला? अभाव हाच एक पदार्थ आहे आणि तो डोळ्यांनीच कळतो. दुसरा मीमांसक प्रभाकर याचे अनुयायी दोघांनाही उडवून लावतात : जमिनीवर घडा नाही, म्हणजे तिथे नुसती जमीन आहे, त्यापलीकडे काही नाही. पण अभाव मानणाऱ्या भाट्टांनी (कुमारिलाच्या अनुयायांनी) आणि नैयायिकांनी एक अट घातली, आणि दुरुस्तीच्या टेबलावर तीच कामाची आहे. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न दिसणे हा पुरावा. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून घडा नाही असे ठरत नाही. या अटीला ते योग्यता म्हणतात.

आता काळ्या पडद्याकडे पाहू. रायझन 5 5600 या प्रोसेसरमध्ये चित्र तयार करणारा भागच नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असते त्यांचेही तेच. अशा यंत्रात एचडीएमआयची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या खाचेत घातली, तर सगळे ठणठणीत असूनही पडदा काळाच राहणार. तिथे चित्राचे नसणे मदरबोर्डबद्दल काहीही सांगत नाही. बीपचेही तसेच. जुन्या अनेक बोर्डांवर सुरुवातीची तपासणी नीट पार पडली की एकदा छोटा बीप यायचा. हल्ली पुष्कळ बोर्डांवर आणि कॅबिनेटमध्ये बझरच नसतो. तो वेगळा घेऊन चार पिनांवर बसवावा लागतो. बझर नसलेल्या बोर्डाचा बीप आला नाही म्हणून बोर्ड मेला असे म्हणणे म्हणजे अंधारात घडा शोधणे झाले.

जाणता कारागीर म्हणूनच आधी शांततेला बोलण्याजोगी करतो. बोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर काढतो, बझर लावतो आणि रॅम मुद्दाम काढून टाकतो. मग पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवले की यंत्र सुरू होते. रॅम नसल्याची ओरड बझरने केली, तर प्रोसेसर आणि बायॉस जिवंत आहेत. तरीही आवाज नाही, तर आता ती शांतता काही सांगते. मग नजर जाते प्रोसेसरला वीज देणाऱ्या, त्याच्याजवळच्या 8 पिनांच्या जोडणीकडे. 24 पिनांची जाड केबल लावली की पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि हौशी माणसाला वीज सगळीकडे पोचली असे वाटते. दिसलेल्या गोष्टीवरही माणूस असा गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकतो.

यंत्र अजिबातच हलले नाही तर संशय वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र आहे, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसे लाइट जाण्याचे दुखणे जळगाव जिल्ह्याच्याही वाट्याला येतेच, आणि त्याचा मार एसएमपीएसला बसतो. हिरवी तार काळ्या तारेला जोडून पंखा फिरतो का ते पाहण्याची रीत जुनी आहे. तिच्यातही तीच मेख : काही नव्या एसएमपीएसचा पंखा भार कमी असताना थांबलेलाच असतो.

ही अट फक्त यंत्राला लागत नाही. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. कागदावाचून इतिहास नाही असे मानून ते गावोगाव दफ्तरे धुंडाळत हिंडले. एखाद्या घटनेचा कागद मिळाला नाही, तर घटना घडली नाही असे म्हणायचे का? ती लिहून ठेवण्याजोगी होती, आणि दफ्तर वाळवी-उंदरांच्या तोंडून पुरते वाचले आहे, हे दोन्ही ठरल्याशिवाय नाही.

रॅमच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर घासण्याचा उपाय खानदेशात, किंबहुना देशभर, पंचाक्षरीइतका प्रसिद्ध आहे. धूळ आणि घाम साचलेल्या पट्टीवर त्याने खरोखर फरक पडतो. पण नव्याकोऱ्या रॅमला घासून यंत्र सुरू झाले, तर श्रेय रबराचे की काढून पुन्हा घट्ट बसवण्याचे? सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या 'भाषापरिच्छेद' ग्रंथात अशा उगाच श्रेय घेणाऱ्यांना अन्यथासिद्ध म्हटले आहे, आणि त्यांत कुंभाराची माती वाहणारे गाढवही आहे. घडा होण्याआधी ते हजर असते, म्हणून ते घड्याचे कारण होत नाही. रबर न वापरता नुसती रॅम काढून बसवून पाहिली की निकाल लागतो. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना एवढा वेळ कोण देतो!

योग्यतेच्या अटीचा सर्वांत धाडसी उपयोग नैयायिक उदयनाचार्यांनी केला, तोही ईश्वरासाठी. 'न्यायकुसुमांजली'त ते नास्तिकाला विचारतात : जो मुळात दिसण्याजोगाच नाही, तो दिसत नाही यावरून तो नाही हे कसे ठरवलेस? नास्तिक सशाचे शिंग पुढे करतो. मग तेही आहे म्हणा. उदयन ऐकत नाहीत. शिंग ही दिसण्याजोगी वस्तू, म्हणून ते न दिसल्याने बाद होते. युक्तिवाद बळकट आहे, पण त्यातून मिळते थोडेच. न दिसण्याने ईश्वर खोटा ठरत नाही एवढेच; खरा ठरवायला उदयनांनाही पुढे कार्यावरून कर्त्याचे अनुमान मांडावे लागले. संगणकवाल्याची सोय अशी की त्याला चार पिनांवर बझर बसवता येतो. उदयनांच्या ईश्वराला तसा जोड देता येत नाही, आणि श्रद्धावंत व चार्वाक यांची भांडणे त्यामुळेच मिटत नाहीत.

एक अडचण मात्र या आचार्यांच्या घड्याला नव्हती. घडा असेल तर डोळे उघडताच दिसतो. डीडीआर5 रॅम लावलेले नवे यंत्र पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटे घालवते, आणि तेवढा वेळ पडदा पूर्ण काळा असतो. धीर सुटलेला पोरगा बटण दाबून ते बंद करतो. पुन्हा चालू केले की सगळे पहिल्यापासून. तेव्हा योग्यतेत वेळही मोजावा लागतो. किती? अनेक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतात. डीरॅमचा दिवा लागलेला आहे तोवर दुकानदार चहा मागवतो. चहा संपून पाव तास उलटला तरी दिवा तिथेच अडला, तर तो यंत्र बंद करतो, एक रॅम काढून घेतो आणि दुसरी प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत बसवून पुन्हा बटण दाबतो.