बागेतला देव

जबलपूरच्या विजयनगरात, कचनार सिटी नामक वसाहतीत, 76 फूट उंचीची ध्यानस्थ शिवमूर्ती उघड्या आकाशाखाली बसलेली आहे. आणि ज्या वृक्षाचे नाव त्या वसाहतीने घेतले तो कचनार म्हणजे आपला कांचन, दसऱ्याला आपट्याच्या नावावर ज्याची पाने बाजारात बेलाशक खपवली जातात तोच. मूर्तीपुढे हात आपोआप जुळतात, कांचनापुढे जुळत नाहीत. हा भेद त्या दोन वस्तूंतला की पाहणाऱ्याच्या दृष्टीतला, असे मनात आले की मला व्हॅन गॉगची एक बाग आठवते.

1889 च्या मे महिन्यात फ्रान्समधील सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात आपखुशीने दाखल झालेल्या या चित्रकाराने त्याच वर्षी तेथील बाग रंगविली. त्याच सुमारास गोगँ आणि बर्नार या त्याच्या मित्रांनी ऑलिव्हच्या बागेतील व्यथित ख्रिस्ताची चित्रे काढली होती. गोगँने तर ख्रिस्ताला स्वतःचाच चेहरा दिला होता. व्हॅन गॉगला हे रुचले नाही. नोव्हेंबरात बर्नारला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या चित्रातील तांबडी गेरूसारखी माती, करड्याने उदासलेला हिरवा आणि काळ्या रेषा यांचे वर्णन करून कळविले, की या मेळातून आपल्या सोबतच्या रुग्णांना ग्रासणारी व्याकुळता उमटते. ती दाखविण्यासाठी बायबलातल्या त्या बागेत जाण्याची गरज नाही.

ही नास्तिकाची जबानी आहे काय? हा धर्मोपदेशकाचा मुलगा. बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या मुलखात त्याने स्वतः उपदेशकाची नोकरी केली, अंगावरचे कपडे मजुरांना वाटले, आणि वरिष्ठांनी मुदत संपताच त्याची नेमणूक पुढे चालविली नाही. 1888 मध्ये आर्ल येथे ऑलिव्हखालचा ख्रिस्त आणि देवदूत त्याने दोनदा रंगविले व दोनदा खरवडून टाकले, कारण समोर माणूस बसविल्याशिवाय ती आकृती काढणे त्याला मंजूर नव्हते. ज्याला देव नकोच असतो तो दोनदा कशाला खरवडील?

देव बागेतच भेटावा, यात वारकऱ्यांना अपरिचित काही नाही. अरणच्या सावता माळ्याने मळा सोडून पंढरीची वाट धरली नाही, विठ्ठलच मळ्यात आला, अशी परंपरा आहे. परंतु सावत्याचा मळा तृप्त आहे. व्हॅन गॉगच्या बागेत दुःख आहे, आणि माझी अडचण नेमकी तेथे सुरू होते. सगुण देवाला रडता येते. आकृतीच काढून घेतली तर ते दुःख कोणाचे म्हणावे? आपला वेदान्त साक्षीला अलिप्त ठेवून सुटका करून घेतो. मला ते उत्तर येथे फार स्वच्छ वाटते, कारण त्या चित्रात अलिप्त राहिलेले काहीच नाही. माती, झुडपे, आकाश, साऱ्यांतच व्याकुळतेचा मुक्काम पडलेला आहे, आणि पाहणाराही त्यातून सुटत नाही.

त्या बागेच्या पुढल्या भागात एक प्रचंड बुंधा आहे, वीज पडून फाटलेला, करवतीने कापलेला. त्याच्या बगलेतून एक फांदी उंच जाते आणि तिथून गडद हिरवी पालवी खाली कोसळते. शेजारच्या कोमेजत्या झुडपावर हंगामातला शेवटचा गुलाब आहे. व्हॅन गॉगने त्या बुंध्याला गर्व हरलेल्या माणसाच्या रूपात पाहिले, आणि समोरच्या गुलाबात फिकट हसू.