खोटी साद

कुंभार पिंपळगावच्या शिवारातल्या तळ्यावर आम्ही पहाटेच जाऊन बसतो. बगळे, शराटी, टिबुकल्या समोरच असतात. लाजरी पाणकोंबडी मात्र नावाला जागते. बेशरमाच्या झुडपांतून तिचा आवाज येतो. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत पांढरी छाती दिसेनाशी होते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही मोबाईलवर तिच्याच जातीचा आवाज लावला. पक्षी लगेच बाहेर आला. शेपूट हलवत, मान ताणून, घुसखोराला शोधत. फोटो सुरेख आला. पण दिवस विणीचे होते. आपल्या हद्दीत कोणी शिरले, या समजुतीने तो अंडी उघडी टाकून आला असेल, तर आम्ही त्याला पाहिले की फसवले?

मित्र म्हणाले, गोळी तर घातली नाही! खरे आहे. सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली आणि ती कोणती, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पुढेही अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारले, आणि ते लपवले नाही. त्यातून निदान ज्ञान आले. आमच्या हाती काय आले? एक तसबीर. प्रश्न नीयतीचा म्हणावा, तर बंदूकच आमच्यापेक्षा प्रामाणिक ठरते, आणि हे कबूल करणे जड जाते.

हल्ली मोबाईल बंद ठेवतो. मागच्या खेपेला नुसता आवाजच ऐकून परतलो. तसबीर अजून बैठकीत आहे. पाहुणे कौतुक करतात. ती कशी मिळाली, हे आम्ही सांगत नाही.