दुरुस्ती आणि सही

कॉमर्सच्या पुस्तकात घसारा नावाचं एक प्रकरण असतं. वस्तू घेतल्या दिवसापासून तिची किंमत दरसाल घटत जाते आणि शेवटी भंगारमूल्य तेवढं शिल्लक राहतं, असं ते प्रकरण सांगतं. तीच वस्तू शंभर वर्षं माळ्यावर पडून राहिली, की किंमत पुन्हा वर का चढू लागते, हे मात्र त्यात नाही. त्यामुळे सौभाग्यवतींच्या मामांनी माळ्यावरून काढलेली पेटी माझ्यापुढे आली, तेव्हा माझी बी.कॉम.ची पदवी काही कामाला आली नाही.

"आमच्या आजोबांचा फोनो. जावईबापू, एवढा बोलता करून द्या," मामा म्हणाले.

पेटी लाकडी होती. आत स्प्रिंगची मोटर होती, बाजूला हँडल होतं आणि वर फिरणारी थाळी होती. कर्णा नव्हता, कर्ण्यापर्यंत आवाज नेणारी नळी नव्हती आणि सुई धरणारा साउंडबॉक्सही नव्हता. थोडक्यात, गरगर फिरणारं सगळं शाबूत आणि बोलणारं सगळं गायब! आमच्या शाखेतला शिपाई सोडला, तर अशी चीज मी दुसरी पाहिली नव्हती.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. मामा 'फोनो' म्हणतात, पण एडिसननं 1877 मध्ये केलेला फोनोग्राफ नळकांड्यावर चालायचा. सपाट तबकडीवरच्या ग्रामोफोनचं पेटंट एमिल बर्लिनरनं 1887 मध्ये घेतलं. आमच्या पेटीवर थाळी, म्हणजे हा ग्रामोफोन. आता कर्णा बाहेर होता की पोटात? पोटात तर आवाजाला जायला वाटच नव्हती. उलट पेटीच्या पाठीवर कर्ण्याचा ब्रॅकेट बसवण्याची चार भोकं होती. आमच्याकडे गैरहजर माणसाची नोंद मस्टरवर लाल शाईनं होते, इथं ती चार भोकांनी झाली होती. आणि पुढच्या बाजूला बोटभर लांबीचा, निराळ्या रंगाचा एक चौकोन होता, त्याच्या दोन टोकांना खिळ्यांची दोन भोकं. तिथं कधीकाळी पाटी होती. कुणाची, ते काही लाकूड बोलेना.

मग एक म्हातारा कारागीर सापडला. त्यानं स्प्रिंग बाहेर काढून तिच्यावरचं जुनं, डांबरासारखं घट्ट झालेलं ग्रीस खरवडलं. थाळी मिनिटाला 78 फेऱ्यांवर धरून ठेवणारा गव्हर्नर त्यानं सरळ केला. अभ्रकाच्या पडद्याचा साउंडबॉक्स एका मोडक्या यंत्राचा मिळाला, नळी दुसऱ्याची मिळाली, आणि कर्णा एका पत्रेवाल्याकडून नवा करून घेतला. पेटी खणखणीत वाजू लागली. आणि माझी झोप गेली.

कारण प्रश्न असा, की हा आता मामांच्या आजोबांचा ग्रामोफोन राहिला का? हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी ठरतं, की सगळे भाग एकत्र आले म्हणजे त्याला लोक रथ म्हणतात, इतकंच. राजाचं समाधान झालं. पण राजाला तो रथ कुणाला विकायचा नव्हता.

मामांच्या नातवाला होता. तो म्हणाला, "काका, त्या चौकोनावर कुत्र्याची पितळी पाटी मारा. मग बघा काय भाव येतो!"

तशा पाट्या बाजारात मिळतात. मुंबईच्या चोरबाजारात तर आख्खे ग्रामोफोन मिळतात, नव्या पितळेचा झगझगीत कर्णा, नवी पेटी, आत कुठल्यातरी जुन्या पोर्टेबलची मोटर आणि वर कुत्र्याची पाटी. हा माल साता समुद्रापार जातो, आणि तिकडच्या संग्राहकांनी त्याला 'क्रॅपोफोन' असं नावही ठेवलं आहे. त्याचा अर्थ मी इथं देत नाही, हे पुस्तक घरातली मुलंही वाचतात.

मी नको म्हटलं. तर नातू म्हणतो, "कर्णा नवा चालतो, मग पाटी नवी का नको?"

पोरगं वकील होणार! पण विचार केल्यावर उत्तर सापडलं. कर्ण्याचं काम आवाज मोठा करणं. नवा कर्णाही ते इमानानं करतो. पाटीला मात्र साक्ष देण्यापलीकडे दुसरं कामच नाही. नवा कर्णा हा बदली कामगार, नवी पाटी हा खोटा साक्षीदार.

आणि किती टक्के जुनं म्हणजे अस्सल, हा हिशेबही व्यर्थच. दर नोव्हेंबरात मामा पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला माझ्या काउंटरवर येतात. त्यांचे दात नवे, डोळ्यांतली भिंगं नवी, डावा गुडघाही नवा. तरी हे तेच मामा, याविषयी बँकेला शंका नसते. कारण काय काय बदललं, ते मामा स्वतः सांगतात, न विचारता, अर्धा तास, मागे रांग असताना. यंत्राला तेवढंच जमत नाही. त्याच्या वतीनं कुणीतरी सांगावं लागतं.

कसं सांगायचं, ते मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात एका हेडक्लार्कनं शिकवलं होतं. लेजरं तेव्हाच अडगळीत गेली होती, पण त्यांचा नियम त्यांच्या जिभेवर होता. चूक खोडू नये, खरवडू तर मुळीच नये. एक रेघ अशी मारावी, की खालचा आकडा वाचता येईल. वर बरोबर आकडा लिहावा आणि शेजारी सही करावी. दुरुस्तीला लाज नाही, बिनसहीच्या दुरुस्तीला आहे.

खुद्द त्या कुत्र्याची गोष्ट तरी निराळी काय आहे? फ्रान्सिस बॅरोच्या मूळ चित्रात तो एडिसनच्या धर्तीच्या फोनोग्राफपुढे बसला होता. 1899 मध्ये कंपनीच्या सांगण्यावरून चित्रकारानं त्यावर ग्रामोफोन रंगवला. पण ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्या चित्राला कुणी नकली म्हणत नाही. आणि 1902 साली कलकत्त्याला पहिल्यावहिल्या तबकड्या भरल्या, तेव्हा गौहरजान गाणं संपताच आपलं नाव मोठ्यानं सांगायची. सहीची रीत ती जाणत होती.

तेव्हा मी एक कागद घेऊन लिहिलं: पेटी, मोटर, थाळी, हँडल मूळचे, नळी व साउंडबॉक्स दुसऱ्या जुन्या यंत्रांचे, कर्णा नवा, पाटी होती, कोणती ते माहीत नाही. खाली तारीख घातली आणि सहीसाठी कागद मामांपुढे ठेवला.

मामांचा चेहरा उतरला. "माहीत नाही कसं? मी पाच वर्षांचा होतो. रोज बोट फिरवायचो. कुत्राच होता."

आता आली का पंचाईत! माणसाचं बालपण खरवडायचा अधिकार मला कुणी दिला? आणि आठवणीला पितळेचा मुलामा द्यायचा तरी कुणी दिला? मी गप्प राहिलो. नातूही गप्प.

मामांनी बालगंधर्वांची तबकडी लावली, नवी सुई घातली, हँडल फिरवलं. तीन मिनिटं कुणी बोललं नाही. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. माझं एक अक्षर खोडलं नाही. शेवटच्या ओळीखाली, थरथरत्या पण स्वच्छ अक्षरात त्यांनी लिहिलं, 'मला मात्र कुत्रा आठवतो.'

आणि शेजारी सही केली.