कुलूप कोणाच्या सोयीचे?

ज्या पिढीने डोंबिवली-कल्याणहून रोज लोकल पकडून मुंबईत नोकरी केली, ती आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यातल्या काहींना स्मृतिभ्रंशाने गाठले आणि घरच्यांनी नाइलाजाने केअर सेंटरमध्ये ठेवले. तिथे भल्या पहाटे एखादे आजोबा शर्ट-पँट चढवतात, खिसा चाचपून पास शोधतात आणि फाटकाकडे निघतात. नोंदवहीत लिहिले जाते : ‘पळून जात होते.’ त्यांच्या लेखी मात्र ते कामावर निघालेले असतात.

अशा रुग्णाच्या बाहेर पडण्याला बहुतेक वेळा कारण असते. जुनी सवय, लघवीची घाई, सांगता न येणारे दुखणे, रिकामा दिवस किंवा संध्याकाळी वाढणारा गोंधळ. कारण ओळखले की निम्मे काम होते. आजोबांना पहाटे कोणी आवारात दोन फेऱ्या मारून आणले, चहा आणि पेपर हातात दिला, तर फाटकाची ओढ ओसरू शकते. पण त्यासाठी त्या वेळेला मोकळे माणूस लागते. माणसाला पगार द्यावा लागतो; कुलूप एकदाच विकत घ्यावे लागते.

कुलूप नकोच, असे मी म्हणणार नाही. फाटकाबाहेर रिक्षा, डंपर आणि थोड्याच अंतरावर रूळ असताना रस्त्याकडचे दार बंदच हवे. पण ते दार आणि खोलीची बाहेरून लावलेली कडी यांत फरक आहे. कडीमागे माणूस पडला तर कळत नाही आणि आग लागली तर सुटका नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर विकारही धरले आहेत. अशा रुग्णाला साखळीने बांधायला कलम ९५ने साफ मनाई केली आहे.

मग रुग्ण बाहेर पडला आणि काही झाले, तर जबाबदारी कोणाची? जपानमध्ये २००७ साली स्मृतिभ्रंश झालेले ९१ वर्षांचे एक गृहस्थ पत्नीचा डोळा लागला असताना घराबाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडले. रेल्वे कंपनीने नुकसानभरपाईसाठी कुटुंबावर दावा लावला. खालच्या न्यायालयांनी तो पूर्ण किंवा अंशतः मान्य केला; सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळला. पुढच्याच वर्षी यामातो शहराने अशा रुग्णांसाठी विम्याचा हप्ता स्वतः भरायला सुरुवात केली. वृद्धाचे भरकटणे ही एका घराची चूक नव्हे, शहराचा प्रश्न आहे, हे तिथे मान्य झाले.

आपल्याकडेही हा प्रश्न लहान नाही : भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये पोलीस अशा रुग्णांच्या कुटुंबांना एक अर्ज आधीच भरून ठेवायला सांगतात : ताजा फोटो, औषधे, जुना पत्ता, जुनी नोकरी, आवडती ठिकाणे. माणूस हरवला की तोच कागद पोलिसांच्या हाती जातो. आपल्याकडे असा कागद केअर सेंटर आणि पोलीस चौकीत ठेवायला मोठा निधी लागत नाही. ‘व्हीटीला नोकरी होती’ एवढी नोंद असली, तरी शोध कोणत्या फलाटापासून सुरू करायचा ते कळते.

कुटुंबांनीही प्रश्न बदलायला हवा. प्रवेश घेताना आपण ‘बाहेर तर जाणार नाहीत ना?’ एवढेच विचारतो; चालकही मग तेवढेच विकतात. रात्रपाळीला किती माणसे आणि किती रुग्ण, हे आधी विचारावे. उत्तर ऐकून महिन्याचे जास्त पैसे मोजायची तयारी नसेल, तर कडीचा दोष एकट्या चालकाच्या माथी मारता येणार नाही.