अनवधान कोणाचं?

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवरच्या ऑपरेटरला बझर नाना कारणांनी हाक मारतो. जॉब झाला, कूलंट उतरलं, दार नीट लागलं नाही, टूल मोडलं. आणि पुष्कळदा सगळ्यांचा आवाज एकच. यातली नेमकी शेवटची हाक निसटून माल रिजेक्ट झाला, की शेरा ठरलेला: लक्ष नव्हतं. लक्ष ही माणसाच्या मालकीची चीज, तेव्हा चूकही त्याचीच, असं या शेऱ्यामागचं गृहीतक. ते मला कच्चं वाटतं.

नैयायिकांनी मन अणुरूप मानलं, कारण दोन ज्ञानं एकाच क्षणी होत नाहीत असं त्यांचं निरीक्षण होतं. अणुत्वाचा वाद सोडला तरी निरीक्षण आजही खोडता येत नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की फोनला हातही न लावता, नुसती सूचना आल्यानेच एकाग्रतेच्या कामातल्या चुका वाढतात. देवळात शिरणारा भाविक घंटा स्वतः वाजवतो, म्हणजे मन आधीच वळलेलं असतं. बझर मात्र इच्छेला विचारायच्या आतच मन ओढून नेतो.

मग बझर काढायचे का? मुळीच नाही. नजर जॉबवर असताना धोका कळवायला दिव्यापेक्षा आवाजच उपयोगी, आणि त्याला प्रतिसादही लवकर मिळतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: साधनेनं मन आवरता येतं, पतंजलींनी प्रत्याहार सांगितलाच आहे. पण इंद्रियं विषयांपासून मागे घेणं ही योग्याची सिद्धी असली, तरी ऑपरेटरच्या बाबतीत तोच अपघात ठरेल. त्याला ऐकू यायलाच हवं. फुकटच्या हाकांनी मात्र त्याच्यावर नको असलेला प्रत्याहार लादला जातो. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये रुग्णालयांना इशारा देताना नोंदवलं होतं, की ८५ ते ९९ टक्के अलार्मना कोणत्याही उपचाराची गरज नसते. अशा ठिकाणी परिचारिकेचे कान बधिर झाले, तर दोष तिच्या निष्ठेत शोधणं अन्यायाचं आहे.

बझरवर जाणूनबुजून चिकटपट्टी लावणाऱ्याचं काय? त्याची जबाबदारी उरतेच, कारण तिथे इच्छा आहे. पण ती किती, हे ठरवण्याआधी त्या पाळीत बझर किती वेळा विनाकारण वाजला हे मोजावं लागेल, आणि तो हिशेब मशीन बसवणाऱ्यांकडे मागावा लागेल.